सासूसासऱ्यांना घेऊन नोटर डेम युनिव्हर्सिटी बघायला जायचंय, कोणी गेलंय का?

नेपरव्हिलची_सून:
मंडळी, जरा मदत हवीये. सासूसासरे नाशिकहून आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला आलेत, शिकागो डाउनटाऊन, ते बीनचं शिल्प, नायगरा वगैरे सगळं उरकलं आणि आता बाबांनी काढलंय की मला इंडियानातल्या साउथ बेंडचं नोटर डेम बघायचंय. एक कारण म्हणजे दिरांचा मुलगा यंदा तिथे मास्टर्सला लागलाय आणि दुसरं म्हणजे बाबा स्वतः मुंबईच्या झेविअर्सचे, फादर लोकांचं कॉलेज म्हटलं की त्यांच्या अंगात येतं, झेविअर्सच्या त्या दगडी कमानींबद्दल घरात इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे न शिकता सुद्धा नकाशा काढून देऊ शकेन. पुतण्याचा अभ्यास जोरात चालू आहे म्हणे, तो फक्त जेवायला भेटेल, फिरवायचं काम माझ्याकडे. नवऱ्याला ऑफिस आहे (दरवेळी असतं).

ऑक्टोबरच्या शेवटी जाऊ म्हणते, झाडं पण रंगलेली असतील. एका दिवसात जाऊन येऊन होईल ना? आईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार नकोत. आणि आम्ही ख्रिश्चन नाही तर ते मोठं चर्च आहे तिथे आत सोडतात का, बसलं तर चालतं का, म्हणजे उगाच कोणाच्या प्रार्थनेत लुडबुड नको. आईंचं जेवण पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. आणि खरं सांगा, बघण्यासारखं आहे का की नुसतं कॉलेजच आहे?

साउथबेंडचा_माजी:
हाय, मी तिथे पीएचडी केली, आता बे एरियात. नुसतं कॉलेजच आहे आणि म्हणूनच बघण्यासारखं आहे. तिकीट, रांग, गाइडचा माईक असलं काही नाही, पोरं लॅपटॉप घेऊन इकडून तिकडे पळतायत आणि मध्ये तुम्ही.

सगळ्यात आधी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं शेड्यूल बघा. घरची मॅच असलेला शनिवार असेल तर प्लॅन पुढे ढकला, सिरियसली. ७७ हजारांचं स्टेडियम आहे आणि गाव लहान, पार्किंग मिळत नाही, हॉटेलचे रेट ऐकून बाबा परत नाशिकला जातील. शुक्रवारी पण दुपारनंतर लोंढे सुरू होतात. मंगळवार-बुधवार बेस्ट.

टोल रोडने एक्झिट ७७. नेपरव्हिलहून ट्रॅफिक नसेल तर दोन-सव्वादोन तास धरा, आणि लक्षात ठेवा की साउथ बेंड शिकागोपेक्षा एक तास पुढे आहे, त्यामुळे सकाळी आठला निघालात तरी तिथे साडेअकरा वाजलेले असतात, ऑफिसं पाचला बंद होतात आणि मग लोक म्हणतात वेळच पुरला नाही. सातला निघा.

कॅम्पसच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्या सोडत नाहीत, गेटवर सिक्युरिटी असते. पण आईंना चालायचा त्रास आहे ना, तर गेटवर थांबून तसं सांगून बघा, नाहीतर व्हिजिटर पार्किंगमध्ये लावून चालत. नोटर डेम अव्हेन्यूने या, दुसऱ्या कुठल्या रस्त्याने नको. तो रस्ता सरळ नाकासमोर जातो आणि शेवटाला झाडांच्या वर सोनेरी डोम दिसत राहतो. जीपीएस दुसरीकडून वळवेल, ऐकू नका त्याचं.

डोमखालची ती मेन बिल्डिंग, तिच्या समोरच्या मोठ्या पायऱ्या विद्यार्थी चढत नाहीत, डिग्री मिळेपर्यंत चढायचं नाही अशी प्रथा आहे. आईंना सांगा की आपण प्रथा पाळतोय म्हणून खालच्या दाराने जाऊ, तिथून लिफ्ट आहे 😀 दुसऱ्या मजल्यावर उतरा आणि बरोबर मध्यभागी उभं राहून वर बघा, डोमच्या आतल्या बाजूला चित्रं आहेत. वीकडेला उघडी असते, कामाची बिल्डिंग आहे, प्रेसिडेंटचं ऑफिस पण त्यातच.

इंडीचा_विटकर:
वरच्यांनी मेन बिल्डिंग दोन ओळीत उरकली, मी आर्किटेक्ट आहे, मला राहवत नाही.

बाबांना ही गोष्ट नक्की सांगा. एडवर्ड सोरिन नावाचे फ्रेंच फादर, वय अठ्ठावीस, नोव्हेंबर १८४२ मध्ये बर्फातून इथे आले तेव्हा इथे तळी, जंगल आणि एक लाकडी चॅपल, बास. त्यातून कॉलेज उभं केलं. ३७ वर्षांनी, एप्रिल १८७९ मध्ये, मुख्य इमारत आगीत गेली, लायब्ररी, वर्ग, मुलांची राहायची सोय सगळं त्या एकाच इमारतीत होतं. पोरांना घरी पाठवलं. सोरिन तेव्हा ६५ च्या घरात, दुसरा कोणी असता तर दुकान बंद करून फ्रान्सला गेला असता, पण यांनी शिकागोचा आर्किटेक्ट विलोबी एडब्रूक पकडला, शेकडो मजूर लावले आणि उन्हाळा संपायच्या आत सप्टेंबरच्या टर्मला नवी इमारत वापरात. आपल्याकडे एवढ्या वेळात टेंडर निघत नाही. डोम मात्र नंतर झाला, आणि त्याला खऱ्या सोन्याचा पत्रा, म्हणजे वर्ख, लावायचा हट्ट सोरिन फादरांचाच, बाकीच्या मंडळींना तो खर्च उधळपट्टी वाटत होता. अजूनही ठरावीक वर्षांनी तो वर्ख नव्याने लावतात, गेल्या वेळेला २०२३ मध्ये लावला. वरचा मेरीचा पुतळा १९ फुटांचा आहे, खालून अंगठ्याएवढा दिसतो.

आता विटा बघा. जुन्या इमारतींच्या विटा लाल नाहीत, फिकट पिवळसर, दुधात हळद पडल्यासारख्या. तळ्यांच्या काठची चुन्याची माती काढून फादर-ब्रदर लोकांनी तिथेच भट्ट्या लावून भाजलेल्या आहेत, विकल्या सुद्धा. सगळ्यात जुनी उरलेली इमारत १८४३ ची, ओल्ड कॉलेज म्हणतात, तळ्याजवळ आहे आणि इतकी साधी आहे की लोक बघायला विसरतात. तिच्या भिंतीला हात लावून बघा, कोपरे गोल झालेत, आणि कुठे कुठे वीट शेजारच्या विटेपेक्षा गडद भाजलीये, हाताने घातलेल्या भट्टीत असंच होतं. त्याच्या शेजारी लाकडी चॅपल आहे पण ते मूळचं नाही, मूळ १८५६ ला जळलं, हे १९०६ चं आहे, जुन्यासारखं बांधलेलं.

टेलगेट_तात्या:
मॅचच्या दिवशी जाऊ नका म्हणणाऱ्या सगळ्यांचा निषेध 😤

नोटर डेम म्हणजेच फुटबॉल आहे हो. मॅच नसताना जाणं म्हणजे आषाढी सोडून पंढरपूरला जाण्यासारखं आहे, विठोबा भेटेल, गर्दीतली मजा नाही मिळणार. तिकीट नको काढू, तिकिटं महागच असतात, पण सकाळी जा, बँडवाले डोमच्या खाली आत उभे राहून ट्रम्पेट वाजवतात, तो आवाज वर घुमतो ते ऐकायला लोक दाटीवाटीने उभे असतात, मग बॉन्ड हॉल नावाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर पूर्ण बँड वाजवतो, मग सगळी वरात स्टेडियमकडे. सगळं फुकट.

आणि लायब्ररी! १३-१४ मजली उंच, आणि स्टेडियमच्या बाजूच्या भिंतीवर येशूचं दगडांचं भलंमोठं चित्र, १३४ फूट उंच, दोन्ही हात वर. स्टेडियमच्या आतून बघितलं की वाटतं रेफ्रीने टचडाऊनचा, म्हणजे गुण मिळाल्याचा, इशारा केलाय, म्हणून सगळं जग त्याला टचडाऊन जीझस म्हणतं. १९९७ ला स्टेडियम उंच केलं तेव्हापासून आतून पूर्ण दिसत नाही हे वेगळं दुःख. लायब्ररीच्या बाजूला मोझेसचा पुतळा, एक बोट वर, त्याला पोरं म्हणतात आम्ही नंबर वन. आणि फादर कॉर्बींचा पुतळा, हात वर केलेला, त्याला फेअर कॅच कॉर्बी, म्हणजे बॉल झेलायच्या आधी खेळाडू हात वर करतो ना तसा.

पापडी_वसई:
तात्या, फादर कॉर्बींची खरी गोष्ट पण सांगून टाका की. अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये ते आयरिश ब्रिगेडचे चॅप्लेन, म्हणजे सैनिकांसोबतचे फादर, होते, १८६३ मध्ये गेटिसबर्गला लढाईत उतरायच्या आधी दगडावर उभं राहून त्यांनी सैनिकांना पापक्षमा दिली, तो हात त्यासाठी वर आहे. नंतर ते इथले प्रेसिडेंट झाले. गेटिसबर्गच्या रणभूमीवर पण असाच पुतळा आहे.

ताई, तुमच्या चर्चच्या प्रश्नाचं उत्तर. मी वसईचा, कॅथलिक, आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, मराठीत असते आणि सणाला शेजारचे हिंदू येऊन बसतात, कोणी काही म्हणत नाही. इथे पण तसंच. बॅसिलिका, म्हणजे ते मोठं चर्च, सगळ्यांना खुली आहे, फक्त मिस्सा, लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर पर्यटक म्हणून फिरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मिस्सा ऐकायला बसायचं असेल तर खुशाल बसा, मागच्या बाकांवर. सगळे उठले की उठा, गुडघे टेकतील तेव्हा आईंनी बसून राहिलं तरी चालतं, त्यांच्या गुडघ्यांचं कोणी विचारणार नाही. कम्युनियनची रांग लागते तेव्हा तुम्ही जागेवरच बसा. ते फक्त कॅथलिकांसाठी असतं, प्रसाद म्हणून हात पुढे करू नका, हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडची माणसं आदरानेच जातात आणि मग समोर फादर गोंधळतात. शनिवारी लग्नं असतात, म्हणून पण वीकडे चांगला.

आत गेल्यावर छत बघा, निळं, त्यावर सोनेरी तारे आणि देवदूत. ते लुइजी ग्रेगोरी नावाच्या इटालियन चित्रकाराचं काम, रोमहून आणलेला माणूस. खिडक्यांच्या काचा फ्रान्समधल्या ल मान्स गावच्या कार्मेलाइट सिस्टरांनी सुरू केलेल्या कारखान्यातल्या. हे ल मान्स महत्त्वाचं, कारण सोरिन फादर ज्या होली क्रॉस संघाचे तो तिथूनच निघाला, फादर मोरो यांनी काढलेला. बाबांना सांगा, झेविअर्स जेझुइटांचं, हे होली क्रॉसवाल्यांचं, दोन वेगळी घराणी. आणि होली क्रॉसवाले १८५३ पासून पूर्व बंगालात आहेत, ढाक्याचं नोटर डेम कॉलेज त्यांचंच. इव्हान मेश्ट्रोविचचा पिएता पण बॅसिलिकात आहे, मेलेल्या येशूला धरलेली आई, संगमरवरात. हा मोठा शिल्पकार, क्रोएशियाचा, १९५५ पासून इथे शिकवायला होता. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. येशूचं डोकं इतकं मागे कलंडलंय की मानेची शीर ताणलेली दिसते.

मग बॅसिलिकाच्या मागे उतारावर ग्रोटो. फ्रान्समधल्या लूर्द या मेरीच्या तीर्थस्थानातल्या गुहेची छोटी प्रतिकृती, मूळच्या एक सप्तमांश, १८९६ ची. शेतातले मोठमोठे धोंडे रचून केलीये. लूर्दहून आणलेला दगडाचा एक तुकडा मेरीच्या पुतळ्याखाली उजव्या अंगाला बसवलाय, लोक हात लावून लावून तो गुळगुळीत झालाय. मेणबत्ती कोणीही लावू शकतं, बाजूला पेटी आहे, त्यात पैसे टाकायचे. परीक्षेच्या आठवड्यात तर रॅकवर जागा मिळत नाही, इंजिनियरिंगची पोरं रात्री येऊन लावतात, त्यात आपली पण असतात, नाव नाही घेत 😄

मिशावाकाची_मावशी:
अगं, मी इथलीच, पलीकडच्या गावात राहते. ह्या सगळ्यांनी इतिहास सांगितला, जेवायचं आणि बाथरूमचं कोणी सांगितलं नाही, पुरुष मंडळी.

बाथरूम मेन बिल्डिंगमध्ये आहे, लाफॉर्च्युन स्टुडंट सेंटरमध्ये आहे, बुकस्टोरमध्ये आहे. ग्रोटोपाशी नाहीये, म्हणून खाली उतरायच्या आधी उरकून घ्या. बॅसिलिकाकडून ग्रोटोला पायऱ्या आहेत पण वळसा घालून उताराचा रस्ता पण आहे, आईंना तिकडून ने. तळ्याभोवती पूर्ण चक्कर मारू नकोस, दूर पडते, काठावर बाकं आहेत तिथे बसा, पलीकडून डोम आणि चर्चचा मनोरा दोन्ही दिसतात. फोटो तिथूनच काढ. खारी इतक्या माजलेल्या आहेत की पिशवीत तोंड घालतात, तर दशम्या मांडीवर ठेवून बसू नका.

जेवण म्हणशील तर कॅम्पसच्या दक्षिणेला एडी स्ट्रीटवर दुकानं आहेत, तिथे बुरिटो बाउल, व्हेज पिझ्झा असं मिळतं, अंडं नको तर ब्रेड-केकच्या भानगडीत पडू नको. मी पाहुण्यांना घेऊन जाते तेव्हा सरळ घरून दशम्या आणि सुकी भाजी नेते. पुतण्याला पण चार जास्तीच्या ने, पोरगं होस्टेलवर काय खात असेल देव जाणे. ऑक्टोबर अखेर म्हणतेस तर जाकीट, टोपी, आईंना मोजे, लेक मिशिगनकडून वारा येतो तो नेपरव्हिलसारखा नसतो. दुपारी थकल्या तर नवीन आर्ट म्युझियम आहे, रॅक्लिन मर्फी, २०२३ च्या शेवटी उघडलं, फुकट आहे, आत ऊब आणि बसायला जागा.

इंडीचा_विटकर:
एक राहिलं. मेन बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये कापडाने झाकलेल्या भिंती दिसतील, बाबा विचारतील. त्यामागे ग्रेगोरीचीच कोलंबसची बारा चित्रं आहेत, १८८० च्या दशकातली. कोलंबसला चेहरा दिलाय तेव्हाचे प्रेसिडेंट फादर वॉल्श यांचा. २०१९ मध्ये तेव्हाच्या प्रेसिडेंटनी, फादर जेंकिन्सनी, ती झाकायचं ठरवलं कारण नेटिव्ह अमेरिकन लोकांना त्यात अपमानास्पद पद्धतीने दाखवलंय. मला व्यक्तिशः पटलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांचं काम, शेजारी माहितीचा फलक लावता आला असता.

साउथबेंडचा_माजी:
फलक नव्हता असं नाही, माहितीपत्रक ठेवलेलं असायचं, कोण वाचतंय. आणि तुमची बाजू मला कळते, ती चित्रं काढली तेव्हा अमेरिकेत कॅथलिकांनाच परके समजायचे, तर एक कॅथलिक माणूस या देशाच्या सुरुवातीला होता हे दाखवायला कोलंबस लागायचा. पण ज्यांच्या जमिनीवर हे उभं आहे ते पोटावाटोमी लोक, त्यांच्यातल्या पोकॅगन नावाच्या सरदाराने स्वतः १८३० मध्ये फादर मागून घेतला होता, बॅडिन फादर आले, त्यांनीच ही जमीन घेतली जी पुढे सोरिनना मिळाली. १८३८ मध्ये बाकीच्या पोटावाटोमींना बंदुकीच्या धाकाने इंडियानातून हाकललं, पोकॅगनचे लोक राहू शकले, ते अजून इथेच आहेत. त्यांची पोरं त्याच कॉरिडॉरमधून जाणार आणि भिंतीवर आजोबा गुडघे टेकून. कायमची खोडलेली नाहीत ना चित्रं, कापड आहे, वर्गासाठी काढून दाखवता येतात.

टेलगेट_तात्या:
टोल रोडवरून येताना फोर विंड्स कसिनोचे बोर्ड दिसतील, तो त्याच पोकॅगन लोकांचा आहे. हिशोब बरोबर झाला म्हणायचा 😂

इंडीचा_विटकर:
तात्या 🙏 बरं, माजी, वर्गासाठी उघडतात हे ठीक. तरी मी फलकाच्या बाजूनेच.

नेपरव्हिलची_सून:
अरे देवा, काय सुंदर उत्तरं आलीत, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आगीची गोष्ट तर परत वाचायला लावली. जेझुइट नाहीत हे ऐकून चेहरा पडला थोडा, पण ढाक्याचं कळल्यावर खूश. आई म्हणतायत मला मेणबत्ती लावायचीच आहे, माउंट मेरीला लावायच्या तशी, पुतण्याच्या परीक्षेसाठी.

तात्या, मॅचला नाही जमणार, पण बाबांना लायब्ररीसमोर हात वर करून उभं करून फोटो पाठवीन.

बुधवारचं ठरवतोय. अजून दोन शंका, मुलींना पूर्वी घ्यायचे नाहीत असं बाबा म्हणाले ते खरं का? आणि वेळ उरला तर गावात काही आहे का, बाबांना गाड्यांचं फार वेड.

साउथबेंडचा_माजी:
खरंय, पदवीला मुली १९७२ पासून. त्याआधी रस्त्यापलीकडे सेंट मेरीज, ते सिस्टरांचं मुलींचं कॉलेज, अजून वेगळंच आहे. मुली आल्या त्या काळात फादर हेसबर्ग प्रेसिडेंट होते, १९५२ ते १९८७, तब्बल ३५ वर्षं, लायब्ररीला त्यांचंच नाव आहे. सिव्हिल राइट्स कमिशनवर होते, १९६४ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर मार्टिन लूथर किंगचा हात धरून गाणं म्हणतानाचा त्यांचा फोटो आहे, त्या फोटोवरून केलेले दोन पुतळे साउथ बेंडच्या डाउनटाऊनमध्ये उभे आहेत, बाबांना हात धरून शेजारी उभं राहता येईल.

आणि गाड्यांचं वेड असेल तर स्टुडबेकर म्युझियम! घोडागाड्यांपासून सुरू झालेली कंपनी, १८५२ ची, पूर्ण गाव तिच्यावर जगायचं. डिसेंबर १९६३ मध्ये इथला कारखाना बंद केला, हजारो लोकांची नोकरी गेली. कॅम्पसवर ती उंच लायब्ररी उघडली ते पण १९६३ च. पुढे गावातला सगळ्यात मोठा धनी युनिव्हर्सिटीच झाली. माझे घरमालक म्हातारे होते, त्यांचे वडील स्टुडबेकरला होते, ते युनिव्हर्सिटीचं नाव जरा तुटकच घ्यायचे आणि शनिवारी मॅचला मात्र निळा शर्ट घालून पहिले.

मिशावाकाची_मावशी:
म्युझियम नको गं एका दिवसात, आईंचे हाल होतील. सकाळी चर्च आणि डोम, दुपारी पुतण्यासोबत जेवण, मग ग्रोटो, झालं. बाबांना स्टुडबेकर बघायचंच असेल तर परत एकदा ट्रेनने येऊ देत त्यांना एकट्याला. मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइन सुटते ती थेट साउथ बेंडच्या एअरपोर्टला येते, तिथून मी गाडीने घेईन, मला मेसेज कर. झेविअर्सवाले आहेत म्हणजे माझ्या मिस्टरांना गप्पांना माणूस मिळाला, ते रुपारेलचे आहेत, दिवसभर भांडतील.